कायमची सवाशीण

बालवाडीतली शेवटची पोरगी आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून गेली, की शाळा एकदम मोठी व्हायची. सकाळभर गाण्यांनी, रडण्यानं आणि सांडलेल्या डब्यांनी भरलेला तो लांबट वर्ग रिकामा झाला की आधी पंख्याचा आवाज ऐकू यायचा, मग खाडीकडून येणारं वारं, आणि वरच्या मजल्यावरून काहीच नाही. वरचा मजला बंदच होता. नायगाव स्टेशनच्या बाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेस थेट गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागल्या आणि सिस्टरांच्या मराठी शाळेचे वरचे वर्ग एकेक करून मिटले. उरली बालवाडी, चौथीपर्यंतचे वर्ग, आणि आवाराच्या मागं कॉन्व्हेंटमध्ये दोन सिस्टर. एक म्हातारी, एक तरुण.

कमळी छोट्या खुर्च्या एकमेकींवर चढवून ठेवत होती. ती या बालवाडीची बाई. पोरं तिला ‘कमळी टीचर’ म्हणायची. चाळिशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, साडी नेहमी फिक्या रंगाची, कपाळ मोकळं. तीन वर्षांच्या पोरांना टीचरच्या कपाळाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून असेल, पण दिवसातले हे सकाळचे तास तिला सगळ्यात मोकळे वाटायचे.

दारात काठी वाजली. सिस्टर इझाबेल आल्या. पंचाहत्तरी गाठलेल्या, पाठीत वाकलेल्या, राखी साडीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला.

“परवा हळद ना गं तुझ्या दिपिकाची?”

“हो सिस्टर. घरची हळद दुपारी. संध्याकाळी डीजे आहे, त्याला तुम्ही थांबू नका. कान फुटतील.”

“माझे कान? ते तुझ्याच वर्गानं फोडले होते. आता काय उरलंय फुटायला?” सिस्टर हसल्या. “तू काय नेसणार आहेस?”

कमळीनं एक खुर्ची उचलली, पुन्हा खाली ठेवली. “मी कशाला नेसते? मला आत काम असणार.”

“आत कसलं काम? जेवण केटररचं आहे म्हणालीस ना?”

कमळी पुन्हा खुर्च्या रचू लागली. सिस्टरांना वाटलं, लाजतेय. “बरं. माझा पाट तेवढा भिंतीशी मांडायला सांग. हल्ली टेकायला लागतं.”

त्या पाटाची गोष्ट खाडीकाठच्या सगळ्या आगरी गावांना ठाऊक होती. सिस्टर मूळच्या वसईतल्या राजोडी गावच्या. तिशीत असताना त्यांच्या धर्मसंघानं त्यांना इकडे शाळा काढायला धाडलं. मिठागरांच्या बांधावरून त्या पायी यायच्या, दारोदार फिरायच्या, ‘पोरी शाळेत पाठवा’ म्हणायच्या, आणि दारं लागायची. बाई पोरींना बाटवायला आलीय, असंच सगळे धरून चालले होते. मग एका हळदीच्या घरात एका म्हातारीची नजर त्यांच्या बोटातल्या अंगठीवर पडली. “लगीन जालंय तुजा?” सिस्टर म्हणाल्या, “हो, देवाशी.” म्हातारीनं मांडवभर बायकांकडे बघितलं आणि निकाल दिला, “मंग हिचा नवरा काय मरायचा नाय. ही तर कायमची सवाशीन!”

त्या दिवशी सिस्टरांना पहिल्यांदा पाटावर बसवलं. कुंकवाला त्यांनी हसून हात जोडले, पण हळद हाताला लावून घेतली, ओटीतला नारळ घेतला, आणि पाटावरूनच विचारलं, “ही परकरातली पोर कोणाची? कुठे शिकते?” पुढच्या सोमवारी ती पोर शाळेत होती. तेव्हापासून हळद कुणाचीही असो, पहिला मान सिस्टरांचा. त्यांनी एकही बोलावणं चुकवलं नाही. ज्या घरानं ओटी भरली, त्या घराला पोरीबद्दल नाही म्हणता येत नसे. शाळेच्या वर्गांमागून वर्ग असे मांडवातून भरले.

कमळीसुद्धा तशीच आलेली. थोरल्या बहिणीच्या हळदीत सिस्टरांनी तिला आईकडून मागून घेतलं होतं. नववीत असताना तिचं लग्न ठरलं, तेव्हा सिस्टर बापाशी भांडल्या, हरल्या, आणि तिच्या हळदीलाही पाटावर बसल्या. नवरा जगन्नाथ चांगला होता. कामणच्या गोदामांवर ट्रक चालवायचा. दिपिका शाळेत जाऊ लागली आणि काविळीनं तो गेला. बाराव्यानंतर सिस्टर घरी आल्या, कमळीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “रडून झालं की शाळेत ये.” त्यांनीच तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. मुलीच्या आणि आईच्या वह्या एकाच दिव्याखाली उघडायच्या. पास झाल्यावर तिला बालवाडी दिली.

त्यामुळे कमळीला सिस्टरांबद्दल कधी राग वाटला नाही. फक्त गावात हळद असली की एक गोष्ट तिच्या लक्षात यायची. ज्या रीतीनं सिस्टर बाहेर पाटावर बसायच्या, त्याच रीतीनं ती, विधवा म्हणून, आत बसायची.

घरी मांडव पडला होता. थोरली जाऊ मंजुळा ओसरीवर सुपात हळकुंडं निवडत होती. थोरले दीर शत्रुघ्न फोनवर केटररला झापत होते. कन्यादानाला हे दोघंच बसणार होते, आईबापाच्या जागी. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. बाप नसलेल्या पोरीचं असंच करतात. दिरांनी गेली कित्येक वर्षं भावाच्या घराला काही कमी पडू दिलं नव्हतं आणि जाऊबाई जिभेनं तिखट असली तरी हातानं सढळ होती.

“कमले, उद्या केलीची पानं आनून ठेव,” मंजुळा म्हणाली. “नि परवा आतल्या घरान बसायला दोन पाटल्या टाक. तुला नि आयला.”

आय म्हणजे सासू, सावित्री. ती दाराच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. ती कमळीपेक्षा कितीतरी आधीपासून विधवा. तिनं सुनेकडे बघून मान हलवली. “मी हाय ना तुज्या संगती. तुला का एकटी टाकतंय? दोघी बसू, पोरीचा गाना आयकू.”

हे ती मायेनं बोलली, हे कमळीला समजत होतं. मायेनं बोललेल्याला उत्तर देता येत नाही.

संध्याकाळी दिपिका वसईच्या लॅबमधून आली. हातपाय न धुताच आईच्या मागं स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

“आई, पहिली हळद तू लावायची.”

“येडी का तू?”

“मी तुझ्या होणाऱ्या जावयाला, अनिशला पण सांगितलंय.”

“काय सांगलंस? नि तो काय बोलला?”

“म्हणाला, तुझी आई आहे, त्यात विचारायचं काय.”

“त्याला काय कलतंय! पोरगा हाय तो. त्याची आत्या येनार हाय उष्टी हलद घेऊन. ती काय म्हनंल? काकी लावंल ना.”

“टायफॉईड झाला तेव्हा काकी बसली होती माझ्या उशाशी?”

“हलू बोल!”

“मी आरडाओरडा करीन मांडवात. सांगून ठेवते.”

कमळीनं तिचं मनगट धरलं. “दिपू, माज्या गल्याची शपथ हाय तुला. मांडवान एक शबुद बोलायचा नाय. एक पन नाय.”

मुलगी बघत राहिली. आईनं तिचं मनगट एकदम सोडलं आणि हात पदराआड घेतला. तिला वाटलं, आई लोकांना घाबरतेय. पण कमळीला लोकांची भीती नव्हती. निदान तेवढीच नव्हती. बालवाडीत सावलीला घाबरून रडणाऱ्या पोरांना ती उन्हात नेऊन हात हलवून दाखवायची, बघ, सावली म्हणजे कोणी नाही, तूच आहेस. पोरं हसायची. तिला स्वतःला मात्र स्वतःच्या हाताची भीती वाटायची. हा हात लागला आणि पुढं काही झालं तर? दहावीची परीक्षा देऊनही ही भीती गेली नव्हती. कुठल्या पुस्तकात तिचा धडाच नव्हता.

“बरं,” दिपिका शेवटी म्हणाली. “नाही बोलणार.”

हळदीच्या दुपारी आतल्या घरात गॅसच्या टाक्या, केळीची पानं आणि पाहुण्यांच्या बॅगा यांच्यामध्ये दोन पाटल्या मांडल्या होत्या. दाराला फुलाफुलांचा पडदा. त्याच्या फटीतून मांडवाची पिवळी झाक आणि बायकांच्या पाठी दिसत. बाकी सगळं कानानंच बघायचं. धवलारणीनं लग्नाचं गाणं धरलं, तिच्या मागून बायका ओढून म्हणू लागल्या. सावित्री ओठातल्या ओठात म्हणत होती. तिला प्रत्येक ओळ येत होती. या घरातली सगळी लग्नं तिनं या भिंतीपलीकडून ऐकली होती.

“दीदी, वर बघा! थोडी स्माईल!” हा विकी, फोटोवाला, विरारचा. “अरे, ब्राईडच्या मम्मीला बोलवा ना कोणीतरी. मदर-डॉटर शॉट राहिलाय.”

गाणं एका ओळीवर अडखळलं.

“मीच हाय आईच्या जाग्यावर. मलाच घे,” मंजुळाचा आवाज.

“तुमचे तर सगळे झाले, आंटी. सगळ्या फ्रेममध्ये तुम्हीच आहात.”

बायका खळाळून हसल्या, मंजुळाही हसली. कमळीनं केळीच्या पानाची कड दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

मग मुलाकडची मंडळी आली, नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन. अनिशची आत्या पुढे, बहीण रीमा मागं. त्यांच्या पाठोपाठ काठीचा ठेका. सिस्टर इझाबेल, आणि त्यांचा हात धरून तरुण सिस्टर अँजेलिना.

“या सिस्टर, या! पाट भितीला लावलाय बगा तुमचा. पयला मान तुमचा, मंग आमी,” मंजुळा म्हणाली.

“ह्या कशा काय सवाशीन?” आत्यानं विचारलं असावं. आवाज अनोळखी होता.

मंजुळाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. “आवो, बोटान अंगठी बगा! देवाशी लगीन लावलंय त्यांनी. त्यांचा नवरा कवा मरायचाच नाय. आमच्या गावची कायमची सवाशीन हाय ती!”

पुन्हा हशा. दरवेळी इथं सिस्टरही हसायच्या. कमळी त्या हसण्याची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

“कमळी कुठंय?” सिस्टरांनी विचारलं.

“हाय ना, आत हाय.”

“बोलव तिला. तिच्या मुलीची हळद आहे.”

“सिस्टर, आवो...” मंजुळाचा आवाज खाली आला. “तुमाला ठावं हाय ना. आता तुमी काय नवीन हाव का?”

 कमळीनं पडद्याच्या फटीला डोळा लावला. सिस्टर पाटावर होत्या, मांडीवर ओटीचा नारळ. समोर दिपिका, मान खाली, आणि तिच्या हनुवटीवरून काहीतरी टपकत होतं, तो घाम नव्हता. सिस्टर त्या मुलीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली. मांडवात पाट असा मांडतात की बसणाऱ्याचं तोंड नवरीकडे, पाठ घराकडे. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं, पडद्याकडे.

“मंजुळा, तू माझ्याकडे चौथीपर्यंत होतीस.”

“व्हते ना.”

“मग माझ्या नवऱ्याचं काय झालं ते तुला सांगितलेलं आठवतंय? क्रुसावर ठोकून मारलं त्याला. दर गुड फ्रायडेला आम्ही त्याचं मरण पाळतो. मग तुमच्या रीतीनं मी कोण झाले?”

 मग धवलारीण, तीही म्हातारी, तोंडातलं पान गालाला सारून म्हणाली, “पन सिस्टर, तो तिसऱ्या दिशी उठला ना परत? तुमीच सांगल्याव आमच्या पोरांना!”

हसण्याचा असा स्फोट झाला की विकीसुद्धा कॅमेऱ्यामागून हसला. सिस्टरही हसल्या, डोळे पुसेपर्यंत.

“उठला. पण उठल्यावर पहिल्यांदा कोणाला भेटला, तेही सांगितलं होतं. बाहेर एकटी रडत उभी होती, त्या बाईला. मानकऱ्यांना नव्हे.” त्यांनी नारळ उचलून मंजुळाच्या हातात दिला. “हा ठेव. या पाटावर बसून मला तुमच्या पोरी दिसल्या, शाळेत न्यायच्या. आतली खोली दिसली नाही. मी बघितलीच नाही. अँजेलिना, हात दे.”

“सिस्टर, असा उठू नका. अपशकुन व्हतो!” मंजुळा म्हणाली.

त्या उठल्या. पडदा बाजूला झाला आणि सिस्टर इझाबेल केळीच्या पानांमधून वाट काढत आत आल्या. अँजेलिनानं पाहुण्यांची एक बॅग सरकवली, तिच्यावर त्यांना बसवलं आणि ती स्वतः जमिनीवर टेकली.

कमळी हात जोडून उभी. “सिस्टर, पाया पडते. जा बाहेर. पोरीचं लग्न मोडेल.”

“मी तुला ओढायला नाही आले. तू ये म्हणून सांगणारसुद्धा नाही. मी नुसती बसायला आले. माझी जागा इथंय.”

मंजुळा आत आली, तिच्यामागं शत्रुघ्न. खोली माणसांनी भरली.

“कमले, तू सांग त्यांना,” शत्रुघ्न दबक्या आवाजात म्हणाले. “मुलाकरची मानसं बसलीयत. माजा काय नाय गो, मी काय तुला परकी समजतंय? पन उद्या त्या पोरीला कायतरी जाला, तर तुजाच नाव येल. तुला चालंल?”

हाच तर आत रुतलेला खिळा होता. कमळीनं मान हलवली. नाही चालणार.

तेवढ्यात अनिशची बहीण रीमा पडद्यात उभी राहिली. कॉलेजातली पोर, जरा बावरलेली. “काकी... वहिनी तोंडावरचे हातच काढत नाहीये. आत्या हळद घेऊन उभीय. वहिनी काही बोलतच नाही.”

शपथ न बोलण्याची होती. दिपिका बोलली नव्हती. दोन्ही तळव्यांनी तिनं चेहरा झाकून घेतला होता.

“सोकावलीय पोरगी!” मंजुळा फणकारली. “लाड तुजेच, कमले.”

“जगन्नाथाची हलद व्हती,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सावित्री बोलत होती. गुडघे पोटाशी, नजर समोरच्या टाकीवर, जणू तिला सांगत होती.

“माजा पोर तो. त्याच्या हलदीला मी हितंच बसले व्हते. पुऱ्या दिवसान भाईर नाय आले. त्यानी दोनदा हाक मारली, आय, आय म्हनून, मी ओ पन नाय दिली. म्हटला, नको माजी सावली. नको माजा हात.” तिनं गुडघे आणखी जवळ ओढले. “तरी गेला ना गो तो.”

बाहेर कुणाचं तरी तान्हं पोर रडत होतं.

“मी तर हात नव्हता लावला,” सावित्री म्हणाली. मग तिनं पहिल्यांदा मान वर करून थोरल्या मुलाकडे पाहिलं. “मंग शत्रू, मी कोनाला वाचवला रं? कशाला बसले मी आत?”

शत्रुघ्न भावाचं नाव ऐकून खाली बघू लागले. मंजुळाच्या हातात अजून तो नारळ होता. तो कुठं ठेवावा हे तिला समजेना.

कमळी सासूकडे बघत राहिली. या बाईच्या शेजारी ती इतकी वर्षं बसली होती. एकाच माणसाची एक आई, एक बायको. दोघींनी एकमेकींना कधी हे विचारलं नव्हतं. आपल्या हातात विष आहे, असं दोघींनीही निमूट मानून घेतलं होतं, आणि तो मात्र काविळीवर औषध वेळेवर न मिळाल्यानं गेला होता.

तिनं पदर खोचला. सिस्टरांकडे पाहिलं नाही, दिरांकडेही नाही. पडदा सारून ती मांडवात आली.

उजेडानं क्षणभर तिला काही दिसेना. मग दिसलं, तांब्यात, वाटीत, ताटात, सगळीकडे पिवळं. आत्याच्या हातातल्या वाटीत तिनं बोटं बुडवली. आत्यानं वाटी मागं घेतली, पण तेवढ्यात बोटं भरली होती. कमळी पाटाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं मुलीच्या पावलांना हात लावला. ओळखीची पावलं. डाव्या अंगठ्याला लहानपणी लागलेल्या ठेचेची खूण. मग गुडघे, मग खांदे. तोवर दिपिकानं तळवे खाली घेतले होते. कमळीनं तिच्या गालांना हळद लावली, कपाळाला लावली. हळद आणि पाणी मिसळून गालावरून ओघळ आले. कुणीही गात नव्हतं. धवलारणीनं गुडघ्यावर हात ठेवून तोंड बंद केलं होतं.

“आमी काय बगितला नाय,” आत्या म्हणाली. वाटी ताटात ठेवली आणि चालू लागली. “रीमा, चल.”

“तू हो पुढे,” रीमा म्हणाली. ती उभीच राहिली.

मग बायका उठू लागल्या. भांडण कुणीच केलं नाही. कुणाला आठवलं गॅसवर दूध आहे, कुणाला आठवलं पाणी यायची वेळ झाली. एकीनं चप्पल शोधता शोधता कमळीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो कुणी पाहण्याआधी काढून घेतला. थोड्या वेळापूर्वी उभं राहायला जागा नसलेल्या मांडवात लाल खुर्च्या दिसू लागल्या, रांगेनं, रिकाम्या. कमळी वर बघत नव्हती, पण प्रत्येक उठणारी बाई पावलांच्या आवाजावरून तिला ओळखता येत होती. कानानं बघायची सवयच होती.

ती मुलीच्या हातांना हळद लावत असताना शेजारी कोणीतरी धापा टाकत बसलं. सावित्री. गेल्या कित्येक लग्नांत ती या मांडवात आली नव्हती.

“कमले,” सासूनं परवानगी मागावी तसं विचारलं, “मी लावू काय गो जरासी?”

कमळीनं ताट तिच्याकडे सरकवलं.

दिपिकाचं लग्न मोडलं नाही. आत्याची समजूत अनिशनं काढली की रीमानं, ते कमळीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण गाव विसरलं नाही. लग्नाच्या दिवशी जनरेटर बंद पडला तो त्या हातामुळं, वरातीत कुणाचा पाय मुरगळला तो त्या हातामुळं. दिपिकाला साधी सर्दी झाली तरी विहिरीवर कुजबुज व्हायची. शत्रुघ्न पूर्वीसारखीच भाजी आणून देत, पण दारातूनच परत जात. मंजुळा दोन महिने बोलली नाही. मग एके दिवशी लोणच्याची बरणी आणून ठेवली आणि म्हणाली, “फोडी जास्ती जाल्या.” तेवढंच.

कॉन्व्हेंटमध्ये हळदीची बोलावणी येत राहिली. सिस्टर इझाबेल प्रत्येक घराला एकच निरोप पाठवत, येईन, पण पाट मांडू नका, आत जी बसली असेल तिच्याजवळ बसेन. मग बोलावणी आली नाहीत. जूनमध्ये बालवाडीत या गावच्या पोरी नेहमीपेक्षा कमी आल्या. “दर्जा राहिला नाही,” असं पालक म्हणाले. पावसाळा संपता संपता संघानं सिस्टरांना वृद्ध सिस्टरांच्या घरी बोलावून घेतलं. निघताना त्यांनी कमळीला जवळ घेतलं नाही, आशीर्वादाचं काही बोलल्या नाहीत. गाडीत बसून काच खाली केली आणि विचारलं, “उशीर झाला ना गं मला?” कमळीला खोटं बोलता आलं नाही. ती गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेली.

घरी आता ती आणि सावित्री. दोघी जेवताना फार बोलत नसत. संध्याकाळी दिपिकाचा फोन यायचा, आणि तो ठेवल्यावर घर अधिकच शांत व्हायचं.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले. एका दुपारी मागच्या आळीतून धवलारणीचा सूर आला. घर माहितीतलं होतं. तिथली धाकटी सून गेल्या वर्षी विधवा झाली होती. तिचा मुलगा कमळीच्या बालवाडीत होता आणि सकाळीच तो सांगत होता, “टीचर, आज आत्याची हलद हाय. पन आई रडते.” कमळीला बोलावणं नव्हतं. येणारही नव्हतं.

तिनं तोंड धुतलं, धुतलेली साडी नेसली. सावित्रीनं विचारलं नाही कुठे चाललीस. दाराची कडी मात्र तिनंच उठून काढून दिली.

मांडवाच्या दारात बायकांची गर्दी होती. कमळी तिकडे गेली नाही. गोठ्याच्या कडेनं फिरून ती घरामागं आली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, गॅसच्या टाक्या नाहीत, बॅगा नाहीत, माणूस नाही. फक्त कुणीतरी श्वास रोखून धरल्याचं समजत होतं.

ती उंबऱ्यावर थांबली आणि त्या अंधाराला विचारलं,

“हितं कोन बसलंय गो? मी पन येऊ का?”